'औदुंबर'च्या आठ ओळी : मात्रा, यमकं आणि 'पांढरी' शब्दावर पडणारी सम

गोदाकाठ (धागाकर्ता)

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना बालकवींची 'औदुंबर' पाठ असते. तिच्या अर्थावर पुष्कळ लिहिलं गेलंय. झाड म्हणजे कोण, डोह म्हणजे काय, उदासी की वैराग्य, हा वाद चालूच राहील. चालीचा विषय निघाला की मात्र 'नादमधुर' एवढं म्हणून सगळे पुढे सरकतात. हा नाद कशाने येतो ते मात्रा मोजून बघता येतं, आणि मोजल्यावर जे हाती लागलं ते मला अर्थाच्या वादाइतकंच महत्त्वाचं वाटतं. म्हणून हा धागा.

आधी कविता, जुन्या अनुस्वारांसकट :

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

हे मात्रावृत्त आहे, म्हणजे अक्षरं किती याला महत्त्व नाही, वजन किती याला आहे. ह्रस्वाची (लघू) १ मात्रा, दीर्घाच्या (गुरू) २. ओळ आठ-आठ मात्रांच्या तुकड्यांनी चालते. माधव ज्यूलियनांनी 'छंदोरचने'त या आठ मात्रांच्या गणाला 'पद्म' म्हटलंय आणि अशा चालीला पद्मावर्तनी. 'औदुंबर'च्या ओळीत तीन पद्मं आणि शेवटी तीन मात्रांची शेपटी, एकूण २७ :

चार घरांचे । गांव चिमुकले । पैल टेकडी । कडे
शेतमळ्यांची । दाट लागली । हिरवी गरदी । पुढे

एक खुलासा नवीन मोजणाऱ्यांसाठी. 'मळ्यां'तला म आणि 'हिरव्या'तला र हे पुढे जोडाक्षर असूनही लघूच धरायचे, कारण उच्चारात त्यांच्यावर आघात येत नाही. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हा पुस्तकातला नियम डोळे मिटून लावला तर दोन्ही ओळींत एकेक मात्रा जास्त भरते आणि कवी चुकला असं वाटायला लागतं. कान आधी, नियम मागून.

आता यमकं. आठ ओळींत तीनच नाद आहेत. पहिल्या दोन ओळी न वर संपतात, शेवटच्या दोन र वर. मधल्या चार ओळींना सलग एकच यमक : कडे, पुढे, पडे, कडे. एवढ्याशा कवितेत तेच यमक चार वेळा येऊनही कुणाला खटकत नाही. याचं कारण मला असं दिसतं. पहिल्या दोन ओळींत झरा आहे, शेवटच्या दोनांत डोह. मधल्या चार जमिनीच्या आहेत : गाव, शेतं, पायवाट, कुरण. पाण्याच्या ओळी न आणि र वर संपतात. हे दोन्ही वर्ण म्हणताना लांबवता येतात : घेऊऽन, तूऽन, वऽर, बऽर. जमिनीच्या ओळी 'डे'-'ढे'वर टेकतात. ड-ढ उच्चारताना जीभ टाळूला लागून सुटते, ओळ तिथे पाय रोवते. पाणी, जमीन, पुन्हा पाणी हा कवितेचा नकाशा निव्वळ यमकांवरून काढता येतो. अर्थ न कळणाऱ्या माणसाला नुसती ऐकवली तरी कविता कुठे वळते ते त्याला कळेल.

त्यात पहिलं 'कडे' आणि शेवटचं 'कडे' यांची दिशा उलटी आहे. 'टेकडीकडे' म्हणताना नजर लांब वर जाते. 'डोहाकडे' म्हणताना पायवाट तिला खाली पाण्यापाशी उतरवते. प्रत्यय तोच, आणि दोन्ही वेळा तो नेमका शेपटीच्या तीन मात्रांत बसलाय.

पुनरुक्तीचंही असंच. 'ऐल तटावर पैल तटावर' ही कवितेतली सगळ्यात उघड पुनरुक्ती. पण 'ऐल' परत येत नाही, 'पैल' तिसऱ्या ओळीत परत येतो. पहिल्या ओळीनंतर अलीकडचा काठ कवितेतून गेलाच. हिरवा तीनदा येतो (हिरवाळी, हिरवी, हिरव्या), सहाव्या ओळीत तो काळ्याला भेटतो आणि तिथून पुढे हिरवा नाहीच, सातवीत काळिमा पसरलाय. 'पाय' दोनदा : आधी वाटेत, मग पाण्यात. 'बेटाबेटां' आणि 'अडवीतिडवी' हे दोन जोडशब्द दोन वेगळ्या ओळींत तिसऱ्या पद्माच्या जागी येतात आणि दोघेही आठ मात्रा बरोबर भरतात.

सगळ्यात मोठी गोष्ट पाचव्या ओळीत आहे. बाकी सात ओळींत पहिलं पद्म जिथे पुरं होतं तिथे शब्दही पुरा होतो. सहाव्या ओळीत 'कुरणा । मधुनि' असा तुकडा पडतो, पण तो प्रत्ययापाशी. पाचवी बघा :

पायवाट पां । ढरी तयांतुनि । अडवीतिडवी । पडे

पहिल्याच पद्माची हद्द 'पांढरी' शब्दाच्या मधोमध जाते. सरळ चालत आलेली लय इथे वाकते, आणि ही ओळ अडव्यातिडव्या पायवाटेची आहे! शब्दांनी 'अडवीतिडवी' सांगायच्या आधीच चालीने ते करून दाखवलंय. म्हणून पाचवी ओळ म्हणताना मुलं हमखास अडखळतात. पुढच्याच ओळीत 'चालली' म्हटल्यावर चाल पुन्हा सरळ होते.

तुमची मोजणी वेगळी येत असेल तर जरूर मांडा.

---

शेवंतीची_वेणी

गोदाकाठ, लेख दोनदा वाचला. 'पांढरी'वर अडखळणारी मुलं मी वर्गात ऐकली आहेत. 'पायवाट पांढरी' म्हणून थांबतात, मग 'तयांतुनि'ला श्वास उरत नाही. मी आजवर त्यांना पाठांतर कच्चं आहे म्हणत आले.

एक शंका. 'घेऊन' मध्ये ऊ दीर्घ, 'बेटांतुन' मध्ये तु ह्रस्व. मग पहिली ओळ २७ आणि दुसरी २६ नाही का होत? आणि 'लाटांवर', 'औदुंबर' यांच्या शेवटीही दोन लघूच आहेत.

---

गोदाकाठ

कागदावर हो, २६ भरतात. पण ओळीच्या शेवटचं अक्षर गरजेप्रमाणे लांबवून गुरू धरायची मुभा परंपरेने दिलेलीच आहे, आणि मराठी उच्चार तिच्या बाजूने आहे. 'तुन' लिहिलं तरी आपण 'तून'च म्हणतो. 'वर' आणि 'बर' तर म्हणताना एकच बंद अक्षर होतं, शेवटचा अ उच्चारतच नाही. ते अक्षर तीन मात्रा ताणायचं. जमिनीच्या ओळींत मात्र कडे, पुढे, पडे, कडे, सगळीकडे लघु-गुरू, तीन मात्रा लेखी भरलेल्या, ताणायला काही ठेवलेलंच नाही. पाणी आणि जमीन यांतला फरक इथेही आहे, हे तुमच्या शंकेमुळे स्पष्ट मांडता आलं.

---

तालमात्रा

मी तबला वाजवतो, त्या बाजूने थोडी भर घालतो.

आठ मात्रांचं आवर्तन म्हणजे आमचा केरवा. चार-चारचे दोन विभाग, पहिलीवर सम (मुख्य ठोका), पाचवीवर खाली (हलकी जागा). गोदाकाठ यांनी आठाची हद्द पाहिली, तुम्ही चाराची हद्दही पाहा. पहिली ओळ :

ऐल त – टावर । पैल त – टावर । हिरवा – ळी घे । ऊन

अगदी चौकोनी. कुठलंच अक्षर चाराची रेघ ओलांडत नाही. दुसरी ओळ :

नि-ळा-सां-व-ळा । झ-रा-वा-ह-तो

'सां' चौथ्या मात्रेवर सुरू होतो आणि पाचवीत सांडतो. 'वा'चंही तेच, चौथीवर उचलला की पाचवीवरच्या खालीवरून वाहत जातो. पहिल्या ओळीत काठ आहेत, दुसरीत पाणी सुरू होतं. काठांची ओळ चौकोनी आणि झऱ्याची ओळ रेघ ओलांडणारी. मला हे वाजवताना जाणवलं होतं, कारण कळत नव्हतं.

पुढे 'पैल टेकडी', 'दाट लागली', 'मधुनि चालली', 'गोड काळिमा', 'पाय टाकुनी' सगळे याच घडणीचे. तीन मात्रांचा शब्द, मग दीर्घाने सुरू होणारा पाच मात्रांचा, आणि तो दीर्घ खालीच्या मात्रेवर पसरलेला. कविता जी हलकेच झुलते ती या जागांमुळे.

आणि आठवी ओळ पाहा :

पाय टाकुनी । जळांत – बसला । असला – औदुं । बर

'पाय टाकुनी'त शेवटचा झोका. त्यानंतर जळांत ४, बसला ४, असला ४, औदुं ४. सलग चार तुकडे, प्रत्येक आपापल्या घरात. सलग चार तुकडे शब्दाच्या सुरुवातीवरच सुरू व्हावेत असं दुसऱ्या कुठल्याच ओळीत होत नाही. झाड बसलं म्हणजे लयसुद्धा बसली.

---

गोदाकाठ

तालमात्रा, हे मला दिसलं नव्हतं आणि माझ्या सगळ्या मांडणीपेक्षा हे मोलाचं आहे. यातून एक जुना प्रश्न पुढे सरकतो असं वाटतं : शेवटच्या ओळीतला 'असला'. हा शब्द 'बसला'ला जोडायचा की 'औदुंबर'ला? दुसरं पद्म 'बसला'वर पुरं होतं, 'असला' नव्या पद्माच्या समेवर येतो. म्हणजे लयीप्रमाणे थांबायचं 'बसला'नंतर, आणि उचलायचं 'असला औदुंबर' असं. वृत्ताचा कौल मला स्पष्ट दिसतो : असा, या तऱ्हेचा औदुंबर.

---

पैलतीरी

इथे मी असहमत. 'बसला असला' हे इतकं जवळचं यमक आहे की कान त्यांना जोडणारच. मला हे कायम 'बसलाय असा' या अंगाने ऐकू येतं, जणू कुणीतरी लांबून पाहून सांगतंय. पद्माची हद्द मध्ये आहे म्हणून अर्थही तिथेच तोडायचा, हा नियम कुठून आला? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे 'पांढरी' हद्दीवरून गेली ना? तिथे आपण 'पां' आणि 'ढरी' असे दोन अर्थ काढत नाही.

---

गोदाकाठ

मुद्दा रास्त आहे. पण 'पांढरी' एकच शब्द आहे, तो तोडताच येत नाही, म्हणून तिथे हद्द मोडते आणि ते मोडणं ऐकू येतं. 'बसला । असला' इथे हद्द मोडायचं कारणच नाही, दोन शब्दांमध्ये ती आयती बसलीय. आणि आधीच्या सगळ्या ओळींतलं तिसरं पद्म काय करतं ते पाहा. हिरवाळी घे–, बेटाबेटां–, पैल टेकडी–, हिरवी गरदी, अडवीतिडवी, काळ्या डोहा–, पसरी लाटां–. प्रत्येक ठिकाणी तिसरं पद्म ओळीच्या शेवटच्या शब्दाकडे झुकलेलं आहे, मागच्या पद्माकडे नाही. सात ओळी ऐकून कानाला जी सवय लागली, तिने आठवी ऐकली की 'असला' पुढेच जातो.

यमक दोघांना जोडतं हे मात्र मान्य. लय दूर करते आणि यमक जवळ ओढतं, अशी ओढाताण त्या एका जागी आहे, म्हणूनच तो शब्द इतका रेंगाळतो.

---

अनुस्वारप्रेमी

ह्रस्व-दीर्घाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. सहाव्या ओळीत 'मधुनि' आहे, ह्रस्व नि. आंतरजालावर फिरणाऱ्या प्रतींत तो सर्रास 'मधुनी' छापलेला दिसतो. मग पद्म नऊ मात्रांचं होतं आणि ओळ लंगडते. पाचवीतल्या 'तयांतुनि'चंही तेच. उलट सातवीत 'झांकळुनी' आणि आठवीत 'टाकुनी' दीर्घच हवेत, ह्रस्व केले तर एकेक मात्रा कमी पडेल. कवीने एकच प्रत्यय दोनदा ह्रस्व आणि दोनदा दीर्घ वापरलाय, चारही वेळा लयीला हवा तसा. शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा हा गद्याचा नियम कवितेला लावणारे मुद्रितशोधक वृत्त मोडतात.

सांवळा, गांव, झांकळुनी यांवरचे अनुस्वार १९६२च्या लेखनविषयक नियमांनंतर गेले. त्याने मात्रा बदलत नाहीत, कारण ती अक्षरं मुळातच दीर्घ आहेत. तेव्हा गोदाकाठ यांनी अनुस्वार ठेवले ते आवडलं, पण 'गाव', 'सावळा' छापणाऱ्यावर रागवायचं कारण नाही. 'मधुनी' छापणाऱ्यावर मात्र आहे.

'गरदी'बद्दलही. 'गर्दी' लिहिलं तरी मात्रा चारच. तरीही 'हिरवी गरदी' हे लघु-लघु-गुरू, लघु-लघु-गुरू असं जुळं जमतं, 'गर्दी'ने ते बिघडलं असतं.

---

साधा_वाचक

लेख अभ्यासपूर्ण आहे यात शंका नाही. पण एक मनापासून विचारतो. बालकवींनी हे सगळं बसून मोजलं असेल का? 'पांढरी' शब्द हद्दीवर आणायचा, पाण्याच्या ओळी न-र वर संपवायच्या... कवी असा विचार करतो असं मला वाटत नाही. आपण नंतर शोधतो आणि त्यांच्या नावावर घालतो.

---

जळगावकर

साधा_वाचक, त्र्यंबक बापूजी ठोंबरे मूळचे आमच्या धरणगावचे, जन्म १८९०चा. १९०७ साली जळगावात पहिलं कविसंमेलन भरलं, तिथे या सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. हे सांगायचं कारण, त्यांची कविता सभेत म्हणून दाखवायची कविता होती. पद्मावर्तनी चाल ही आरत्या, लावण्या, कटाव ऐकत वाढलेल्या कानात मुरलेलीच असते. असा कवी मात्रा मोजत बसत नाही, पण ओळ म्हणून बघतो, आणि जी जिभेवर बसत नाही ती ठेवत नाही. 'पायवाट पांढरी' त्यांनी ठेवली याचा अर्थ ती त्यांना तशीच हवी होती एवढं नक्की म्हणता येतं. १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले तेव्हा वय अवघं २७. तेवढ्या आयुष्यात हा कान!

---

गोदाकाठ

जळगावकरांशी पूर्ण सहमत. मी हेतू सिद्ध करायला निघालेलोच नाही. कवितेत काय आहे ते दाखवतोय, ते कसं आलं हा वेगळा प्रश्न.

तरी निव्वळ योगायोग म्हणणाऱ्यांसाठी एक तुलना. त्याच कवीची 'श्रावणमासी' घ्या :

श्रावणमासी । हर्ष मानसी । हिरवळ दाटे । चोहिकडे
क्षणात येते । सरसर शिरवे । क्षणात फिरुनी । ऊन पडे

तीच पद्मं. यमकसुद्धा तेच, कडे–पडे. हिरवळही आहे. तरी ही कविता उड्या मारते आणि 'औदुंबर' थबकते. फरक शेपटीत आहे. इथे शेपटी सहा मात्रांची, 'औदुंबर'मध्ये तीनच. आठाच्या चार आवर्तनांचा हिशोब धरला तर ३२ मात्रा व्हायला हव्यात. 'श्रावणमासी'त ओळीनंतर दोन मात्रा रिकाम्या उरतात, जेमतेम श्वास घेण्यापुरत्या. 'औदुंबर'मध्ये पाच. प्रत्येक ओळीनंतर पाच मात्रांची शांतता! तिच्यातली स्तब्धता शब्दांइतकीच या रिकाम्या जागेतून येते. ही कविता भरभर म्हटली की बेचव लागते ती यामुळे. त्या पाच मात्रा आपण खाऊन टाकतो.

---

न्यूजर्सी_मराठी

इथल्या मराठी शाळेत मुलांना 'औदुंबर' शिकवायची आहे. त्यांना 'तयांतुनि', 'झांकळुनी' हे शब्द समजावतानाच तास संपतो. लयीकडून सुरुवात केली तर जमेल का? मात्रा वगैरे शब्द न वापरता?

---

शेवंतीची_वेणी

नक्की जमेल. आधी शब्द न सांगता नुसत्या टाळ्या. आठ मोजायचे, पहिल्यावर टाळी, असं चार वेळा. मुलांचा हात बसला की पहिली ओळ तुम्ही म्हणा, त्यांनी फक्त टाळी द्यायची. 'ऐल', 'पैल', 'हिर', 'ऊन' यांवर टाळी आपोआप पडते. शेवटच्या टाळीनंतर आठ पुरे होईपर्यंत कुणी बोलायचं नाही हे मात्र पक्कं सांगा. अर्थ दुसऱ्या दिवशी. पाचव्या ओळीपाशी टाळी शब्दाच्या पोटात येते हे मुलांना स्वतःला सापडू द्या, आधी सांगू नका.

---

तालमात्रा

शेवंतीताईंचा मार्ग उत्तम. फक्त पाचव्या ओळीत शिकवणाऱ्यानेच एक काळजी घ्यावी. आपण सवयीने 'पांढरी'च्या 'पां'वर जोर देतो, कारण शब्द तिथे सुरू होतो. पण 'पां' सातव्या-आठव्या मात्रेवर आहे, आणि दुसऱ्या आवर्तनाची सम 'ढ'वर येते. 'पां' जरा धरून ठेवायचा आणि 'ढ'वर हलकेच उतरायचं : पायवाट पांऽ । ढरी तयांतुनि. असं म्हटलं की 'तयांतुनि'ला श्वास पुरतो आणि ओळ कुठेही अडत नाही. 'ढ'वर टाळी जोरात मात्र नको, नाहीतर शब्दाचे दोन तुकडे ऐकू येतील.